न वितळता जुळणारे पत्रे

तुर्भ्याच्या एखाद्या भंगारवाल्याकडे जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा दिसला, तर त्याची भिंत नीट पाहा. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे एकत्र लाटून ती केलेली असते. वेल्डिंग नाही, डिंक नाही. गॅसची वाट हवी तेवढ्या भागावर आधी ग्राफाइट लावतात. तिथे पत्रे जुळत नाहीत आणि नंतर दाबाने हवा भरून तोच भाग नळीसारखा फुगवतात.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा कडक पापुद्रा धरतो. तो मध्ये असेपर्यंत धातूला धातू भेटत नाही. म्हणून पत्रे अ‍ॅसिटोनने पुसून, तारेच्या ब्रशने घासून, एकावर एक ठेवून रोलमध्ये, म्हणजे दोन फिरत्या लाटण्यांच्या फटीत, घालतात. जाडी घटते तसा पत्रा लांबतो. पापुद्र्याला मात्र ताणता येत नाही. उन्हाळ्यातल्या शेतासारखा तो भेगाळतो आणि त्या भेगांतून दोन्हीकडचा कोरा धातू एकमेकांवर दाबला जातो. जोड होतो तो तिथेच. दाब कमी पडला, तर पत्रे सरळ सुटे होतात.

अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची जोडी जमवणं याहून कठीण, आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच. मॅग्नेशियमची घनता घन सेंटिमीटरला 1.74 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची 2.70; म्हणजे वजनात मोठी बचत. पण मॅग्नेशियमच्या षटकोनी स्फटिकांचे थर थंडपणी सहज सरकत नाहीत, पत्रा तडकतो. म्हणून तो 300 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवून लाटतात. पण याच उष्णतेत दोन्ही धातूंचे अणू एकमेकांत शिरतात आणि सीमेवर ठिसूळ संयुगं तयार होतात. त्यांचा थर जाड झाला की जोड तिथूनच उकलतो. शिवाय हे धातू सुटे असताना 650 अंश किंवा त्यापुढे वितळत असले, तरी संपर्कात 437 अंशांपासूनच त्यांच्या सीमेवर द्रव होऊ शकतो. माझ्या मते खरी कसोटी रोलच्या ताकदीची नाही, भट्टीतल्या वेळेची आहे.

एवढा खटाटोप करायचा, कारण ठाण्याच्या खाडीसारख्या खाऱ्या हवेत उघडं मॅग्नेशियम लवकर खाल्लं जातं. वरून अ‍ॅल्युमिनियमचं कवच दिलं की ते झाकलं जातं. ही युक्ती जुनीच आहे: विमानांसाठी मजबूत मिश्रधातूवर शुद्ध अ‍ॅल्युमिनियम चढवलेले पत्रे 1927 मध्येच आले होते. तिथे कवच स्वतः झिजून आतला धातू वाचवतं. इथे उलट घडतं. कापलेल्या कडेला खारं पाणी लागलं, की अ‍ॅल्युमिनियमच्या सोबतीने मॅग्नेशियम आणखी वेगाने झिजतं. म्हणून असा पत्रा खाडीकाठी वापरायचा, तर कापल्यावर प्रत्येक कड रंगाने किंवा सीलंटने बंद करावीच लागते.