बीप वाजली म्हणून वायर चांगली?

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, त्यात मागच्या उजव्या चाकाच्या हाइट सेन्सरचा (उंची मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड आला, म्हणून सेन्सर बदलला. आठ दिवसांत तोच कोड परत. सेन्सर डुप्लिकेट निघाला म्हणून ओरिजिनल मागवला. पुन्हा तोच कोड. मग शेवटचं निदान: ईसीयूच, म्हणजे हे सगळं चालवणारा छोटा संगणकच, गेला असणार.

एअर सस्पेन्शनच्या (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या) ऑफरोड गाड्या बाळगणाऱ्यांकडून ही कथा इतक्यांदा ऐकू येते की दर वेळी फक्त चाक बदलतं. सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये काही मीटर वायर आणि दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग) असतात, त्यांची चौकशी कुणी करत नाही. केलीच तर उत्तर ठरलेलं: ‘वायर चेक केली साहेब, बीप वाजतेय.’

वायर अखंड आहे असं सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या त्या बीपवर आपल्याकडे फार विश्वास आहे. तो किती ठेवावा, हे शाळेत शिकलेल्या ओमच्या नियमावरून (व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध) सहज काढता येतं.

आधी गाडीत काय असतं ते थोडक्यात. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेने भरलेले बलून, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी, कुठल्या बलूनमध्ये हवा सोडायची ते ठरवणारे, विजेने उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर आणि हे सगळं चालवणारा ईसीयू. अनेक बसमध्येही बलून असतात, पण तिथे उंचीचा हिशेब बहुधा एक दांडी आणि यांत्रिक व्हॉल्व्ह सांभाळतात. ऑफरोड गाडीला मात्र हायवेवर खाली बसायचं असतं आणि दगडधोंड्यांत वर उठायचं असतं, म्हणून विजेची भानगड आली. रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन १९९२ साली आलं, आणि १९९४ च्या दुसऱ्या पिढीत, जिला तिचे भक्त ‘पी-३८’ म्हणतात, ते सगळ्याच मॉडेलांना मिळालं. तिच्या टाकीत हवेचा दाब सुमारे १० बार, म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या चार-पाचपट. त्याच कंपनीची आजची डिफेंडर तर एका बटणावर ७५ मिलिमीटर वर उठते. या गाड्या बनवणारी कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे आणि त्यातल्या काहींची जोडणी पुण्यात होते, त्यामुळे हा विषय आता अगदीच परका राहिलेला नाही.

पहिली पायरी सोपी आहे. रात्रभर बंद उभी असताना गाडी एका कोपऱ्यात बसत असेल तर बहुधा हवा गळतेय. साबणाचं पाणी मारा, बुडबुडे शोधा, वायरिंगच्या नादी लागू नका. उभी असताना नीट आणि चालवताना वेड्यासारखी वागत असेल, तर विजेकडे बघायचं.

आता कॉम्प्रेसर. समजा चालू असताना तो साधारण २० अँपिअर घेतो, म्हणजे बॅटरीच्या १२.६ व्होल्टना त्याचा रोध ०.६ ओमच्या आसपास धरू. (फिरणाऱ्या मोटरचं गणित इतकं सरळ नसतं, पण मुद्दा समजायला पुरे.) त्याच्या वाटेवरच्या एका कपलरमध्ये गंज चढून ०.३ ओम रोध तयार झालाय. मेकॅनिक कपलर सोडवतो, गाडीकडून येणाऱ्या पिनला मीटर लावतो. किती दिसतील? पूर्ण १२.६ व्होल्ट. कारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओम असतो, त्यातून वाहणारा प्रवाह जेमतेम मायक्रोअँपिअरभर. एवढ्याशा प्रवाहाला ०.३ ओम म्हणजे काहीच नाही. वाटेत १,००० ओमचा अडथळा असता तरी मीटरवर जेमतेम सव्वा मिलिव्होल्टचा फरक पडला असता. बीपचंही तेच. मीटर वायरमधून मिलिअँपिअरच्या घरातला प्रवाह सोडतो आणि रोध काही दहा ओमांच्या खाली असला की आनंदाने वाजतो. उसने मागेपर्यंत सगळेच नातेवाईक सधन दिसतात, त्यातला हा प्रकार.

आता कॉम्प्रेसर जोडा आणि चालू करा. एकूण रोध ०.९ ओम, प्रवाह १४ अँपिअर. कपलरमध्ये ४.२ व्होल्ट खर्ची पडले, मोटरला उरले ८.४. आणि नखाएवढ्या त्या पिनेपाशी १४ गुणिले १४ गुणिले ०.३, म्हणजे जवळजवळ ६० वॉट उष्णता. कपलरचं प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसतं, ते यामुळे.

कमी व्होल्टेजवर मोटर सावकाश फिरते. टाकी भरायला वेळ लागतो. ईसीयू घड्याळ लावून बसलेला असतो, इतक्या सेकंदांत इतका दाब वाढायला हवा होता, वाढला नाही. तो ‘दाब सावकाश वाढतो’ अशा अर्थाचा कोड लिहून ठेवतो. त्याचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे! पण वाचणारा त्यातून ‘कॉम्प्रेसर गेला’ असा अर्थ काढतो. हजारो रुपयांचा नवा कॉम्प्रेसर येतो आणि त्याच ८.४ व्होल्टवर रखडायला लागतो. स्कॅनरच्या जाहिरातींत ‘अचूक निदान’ असं छापतात. कोड सर्किटमध्ये काय दिसलं तेवढंच सांगतो. दोष नेमका कशात आहे हे तो सांगत नाही, आणि स्कॅनर कितीही महागडा असला तरी त्यात फरक पडत नाही.

मग बघायचं कसं? काहीही न सोडवता, कॉम्प्रेसर चालू असताना. मीटर व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक थेट कॉम्प्रेसरच्या प्लस पिनवर. दोन्ही प्लसवरच. चांगल्या वायरिंगमध्ये इथे व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसतो, जास्तीत जास्त अर्धा. आपल्या उदाहरणात ४.२ दिसतील, आणि लपायला जागा उरणार नाही. मग काळं टोक एकेक टप्पा मागे आणायचं: रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पुढे, रिलेच्या मागे, फ्यूजपाशी. आकडा जिथे एकदम पडतो तिथे चोर. असाच शोध मायनसच्या बाजूलाही घ्यायचा, कारण अर्थिंगचा नट चेसिसवर जिथे बसतो तिथला गंज कुणाला वरून दिसत नाही. ईसीयूने रुसून कॉम्प्रेसर बंदच ठेवला असेल तर त्याच्या जागी हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावा. तो साडेचार अँपिअर ओढतो आणि तेवढ्यावरही ०.३ ओम पकडला जातो. हा बल्ब फक्त मोटरच्या जाड वायरींवर वापरायचा. सेन्सरच्या वायरी आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरी यांच्या जवळपासही तो नेऊ नका. आणि नुसत्या हवेवर तोललेल्या गाडीखाली शिरू नका, चेसिसला स्टँड लावा. ईसीयूने व्हॉल्व्ह उघडायचं ठरवलं तर तो तुम्हाला विचारून उघडणार नाही.

इथवर सगळं सरळ होतं. खरी गंमत सेन्सरमध्ये आहे.

पी-३८ सारख्या जुन्या गाड्यांत हाइट सेन्सर म्हणजे पोटेन्शिओमीटर असतो. रोधाची एक पट्टी, तिच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ (म्हणजे मायनस), आणि पट्टीवरून सरकणारा एक काटा. चाक वर-खाली झालं की काटा सरकतो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज बदलतं. ते साधारण ०.५ ते ४.५ च्या मध्ये असलं की ईसीयू खूश. बाहेर गेलं की डॅशबोर्डवर ‘ईएएस फॉल्ट’, म्हणजे एअर सस्पेन्शनमध्ये बिघाड. ही मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे वायर तुटली किंवा दुसऱ्या वायरीला चिकटली तर व्होल्टेज शून्याला किंवा पाचाला जाऊन चोरी उघडी पडावी.

पण वायर अर्धवट खराब झाली तर? पट्टी ५,००० ओमची समजा, काटा बरोबर मध्यावर. ईसीयूला २.५ व्होल्ट दिसायला हवेत. आता अर्थच्या पिनमध्ये ५०० ओमचा गंज बसवा. एकूण रोध ५,५००, प्रवाह ०.९१ मिलिअँपिअर, आणि काट्यावर आता ३,००० ओमांवरचं व्होल्टेज, म्हणजे २.७३. काटा जागचा हललेला नाही, तरी आकडा ०.२३ व्होल्टनी वर गेला. चार व्होल्टांत २०० मिलिमीटरची हालचाल मोजली जाते असं धरलं, तर हे जवळजवळ १२ मिलिमीटर. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, तऱ्हा मात्र अशीच असते. २.७३ हे ०.५ आणि ४.५ च्या मध्येच आहे, त्यामुळे ईसीयूला संशय येत नाही. त्याला वाटतं हा कोपरा उंच झालाय. तो इमानदारीत तिथली हवा सोडतो, कोपरा खाली बसवतो, आणि त्याच्या दृष्टीने आता सगळं समतोल! गाडी डोळ्यांना तिरकी दिसतेय, कोड एकही नाही. मालक बलून बदलतो.

हीच अर्थची वायर पूर्ण तुटली तर प्रकार उलटा होतो. काट्याला खाली जायला वाट नाही, म्हणून त्याच्यावर पूर्ण ५ व्होल्ट चढून बसतात. काही गाड्यांत याचा कोड ‘सिग्नल प्लसला चिकटला’ अशा अर्थाचा येतो. मेकॅनिक दोन दिवस प्लसची चिकटलेली वायर शोधत फिरतो आणि इकडे मायनसची तुटलेली असते.

आता कळीचा प्रश्न: ५०० ओम रोध असेल तर बीप वाजायलाच नको, मग ती वाजते कशी? कारण बीपसाठी तुम्ही कपलर सोडवता.

दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घट्ट दाबले तरी ते सूक्ष्मदर्शी पातळीवर मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे तपशिलात मांडलं. वीज जाते ती या इवल्याशा ठिपक्यांमधून. बहुतेक कपलरच्या पिनांवर कथलाचा मुलामा असतो. गाडी खडखडत चालते तेव्हा पिना एकमेकींवर काही मायक्रोमीटर घासत राहतात. घासलं की ताजं कथील उघडं पडतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची संयुगं होतात, पुन्हा घासलं की ती कठीण पूड तिथेच साचते. केसाच्या जाडीहूनही कमी हालचाल, पण लाखो वेळा. शेवटी ठिपके पुडीवर टेकतात आणि रोध वाढतो. मोटरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही भरपूर, पातळ थर ते भेदूनही जातात. सेन्सरच्या ५ व्होल्ट आणि एका मिलिअँपिअरमध्ये ती ताकद नसते, म्हणून नाजूक सर्किटांच्या पिनांना सोन्याचा मुलामा देतात.

तुम्ही कपलर ओढता तेव्हा पिना मिलिमीटरांनी घासतात आणि पूड पुसली जाते. परत बसवल्यावर ठिपके ताजे. बीप वाजते, गाडी सुरळीत होते, आणि श्रेय मिळतं नुकत्याच बदललेल्या सेन्सरला, बॅटरी काढून केलेल्या ‘रीसेट’ला, किंवा त्याच शनिवारी बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीला. दोन-चार आठवडे खडखडाट झाला की पूड पुन्हा जमते आणि कोड परत येतो.

म्हणून सेन्सरची तपासणी कपलर न सोडवता. मागच्या बाजूने, वायर जिथे पिनेत शिरते तिथून बारीक सुई सरकवून, अर्थची पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यातलं व्होल्टेज बघायचं. चांगल्या सर्किटमध्ये काही दहा मिलिव्होल्ट. आपल्या उदाहरणात मीटर सरळ ०.४५ व्होल्ट दाखवेल. नंतरच्या गाड्यांत घासणाऱ्या पट्टीऐवजी चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आले, तिथे झिजायला पट्टी नाही, पण पिना आणि वायरी त्याच, आणि ही चाचणीही तशीच लागू पडते.

एक छळवादी प्रकार उरतो, मध्येच तुटून मध्येच जुळणारी वायर. चाकाजवळची वायर गाडी वर-खाली होताना दर वेळी वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण जसंच्या तसं. गाडी ऑफरोड उंचीवर गेली की वायर ताणली जाऊन टोकं सुटतात, खाली आली की पुन्हा टेकतात. तपासणी अर्थातच गाडी खाली असताना होते. त्यामुळे प्रत्येक उंचीवर तपासा, स्कॅनरवर चारही सेन्सरचे आकडे चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर अंतरांनी हलवत जा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती तुटलेली वायर त्याच्या गावीही नसते. मीटरला ‘मिन-मॅक्स’ची (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा टिपून ठेवायची) सोय असेल तर ती लावा, व्होल्टेजचा आलेख काढणारा ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच.

आणि कोकणात, गोव्यात गाडी वाळूवर किंवा खाडीत घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: खारं पाणी आवरणाच्या एका छिद्रातून शिरलं की तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणाने आत चढत जातं. अशी एक वायर मी कापून पाहिली आहे. बाहेरून नवीकोरी, आत तांब्याऐवजी काळपट हिरवी भुकटी, आणि चमकदार तांबं दिसेपर्यंत हातभर मागे कापावं लागलं. तपासताना आवरणाला टोचलेली टाचणी हेच छिद्र पाडते. टोचावंच लागलं तर त्यावर लगेच सीलंट लावा. जोड देताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करून (धातूची नळी पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा, आणि जोड चाकाच्या वाकणाऱ्या भागात न घेता चेसिसला बांधलेल्या स्थिर भागात घ्या.