वचनपालन

वचनपालन : दिलेला शब्द पुढे अडचणीचा ठरला तरी पाळणे. नीतिशास्त्रातील एक मूलभूत कल्पना. खरे बोलणारा जे आहे ते सांगतो. शब्द देणारा जे अजून घडायचे आहे त्याला स्वतःला बांधून घेतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाला इथे दोन भाषांची गंमत कळते. कन्नडमध्ये ‘वचन’ म्हटले की आधी बाराव्या शतकातील बसवेश्वरादी शरणांच्या, म्हणजे शिवभक्त संतांच्या, रचना आठवतात, आणि शपथेवर दिलेल्या शब्दाला ‘भाषे’ म्हणतात. ‘भाषे’ म्हणजे भाषाही! मराठीत रोजच्या व्यवहाराला ‘शब्द’ पुरतो : तो देतात, पाळतात, फिरवतात, त्याला जागतात.

बैलाचा सौदा घ्या. टॉवेलाखाली बोटे दाबून भाव ठरतो, विसार म्हणून थोडे पैसे हातावर पडतात, बाकीचे आठ दिवसांनी. मधेच दुसरा कोणी दोन हजार जास्त घेऊन गोठ्यात आला तर? बैल अजून आपल्याच दावणीला आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1785 मध्ये जवळचाच दाखला घेतला : फेडायचे नाही हे ठाऊक असताना फेडीचा शब्द देऊन पैसे उसने घेणारा. सगळेच असे वागले तर शब्दावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, मग खोटा शब्द तरी कोणाला देणार? कृतीचे बरेवाईट तिच्या परिणामांवरून ठरवणारा उपयुक्ततावादी दोन हजारांबरोबर बाजारातली पतही मोजतो. मात्र मरणाऱ्याला एकांतात दिलेला शब्द का पाळावा, याचे त्याचे उत्तर लंगडे पडते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मते हे बंधन निसर्गाचे नव्हे, माणसांनी सोयीसाठी घडवलेला संकेत आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसने 1930 मध्ये वचनपालनाला सकृद्दर्शनी कर्तव्य, म्हणजे अधिक भारी कर्तव्य आडवे येईपर्यंत पाळायचे कर्तव्य, म्हटले : अपघातातल्या जखमीसाठी भेटीची वेळ चुकवावी, कारण ते कर्तव्य जास्त भारी. दोन हजार रुपये भारी ठरत नाहीत.

धाकाने घेतलेला शब्द बांधतो का, हा प्रश्न अवघड. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार धाकाखाली केलेला करार, ज्याच्यावर धाक घातला त्याला रद्द करून घेता येतो. कन्नड लोककथेतली पुण्यकोटी गाय मात्र वाघाच्या तावडीत सापडल्यावर वासराला शेवटचे पाजून परत येते असे वाघाला सांगते. गोठ्यात वासरू विनवते, ‘आई, इथेच राहा.’ ती परत जाते. तिला पाहून वाघच ओशाळतो, आणि जीव देतो.