४२ आणि ४२९ दिसले म्हणजे कॅटलान नव्हे

चवथीला फोंड्यात माटोळी बांधताना भाच्याने विचारलं, "मामा, आकड्यांच्या त्या त्रिकोणांची मोजणी १, २, ७, ४२, ४२९ येते. म्हणजे कॅटलान संख्याच ना?" (कॅटलान म्हणजे कंसांच्या जोड्या नीट लावायचे प्रकार मोजताना येणाऱ्या संख्या.) हा गैरसमज मी स्वतःही कॉलेजात वर्षभर बाळगला होता.

आधी त्रिकोण बघा. तळाच्या ओळीत १ २ ३; मोजणीतली तिसरी संख्या या तळाची. वर जाताना प्रत्येक ओळीत एक आकडा कमी. वरच्या ओळीतला प्रत्येक आकडा खालच्या दोन शेजाऱ्यांच्या दरम्यान हवा, त्यांच्याइतका असला तरी चालेल. मात्र कोणत्याही ओळीत आकडे चढतेच हवेत. मधली ओळ १ २, १ ३ किंवा २ ३ होते. शेंड्याला त्यांच्यासाठी अनुक्रमे २, ३, २ पर्याय. बेरीज ७. चढतेपणाची अट काढली, तर '२ २' ही ओळही चालते आणि ८ होतात. सगळी गंमत त्या एका अटीत आहे.

आता कॅटलान: १, २, ५, १४, ४२, १३२, ४२९, १४३०, ४८६२, १६७९६. यात ७ कुठे आहे? तळाला १ ते ६ घेतले की त्रिकोण ७४३६ होतात, तेही यात नाहीत. ४२ आणि ४२९ जुळतात, एवढंच. तेही वेगवेगळ्या क्रमांकांवर.

या त्रिकोणांच्या मोजणीचं सूत्र मिल्स, रॉबिन्स आणि रम्सी या गणितज्ञांनी १९८० च्या दशकात अंदाजाने मांडलं. सिद्धता छापून यायला १९९६ उजाडलं: आधी झाइलबर्गर यांची लांबलचक, मग कुपरबर्ग यांची छोटी, तीही बर्फाच्या भौतिकशास्त्रीय प्रतिमानातून!

भाचा म्हणाला, "मग ७ च आधी बघायला हवा होता."