खुलेपणा (व्यक्तिमत्त्वगुण) : मेंदूतील आधार

नव्या कल्पना, कला, अनोळखी अनुभव आणि वेगळी मते यांकडे ओढ घेणारा मनाचा स्थायी कल म्हणजे खुलेपणा. मानसशास्त्रातील ‘बिग फाइव्ह’ या पंचगुणी मांडणीतला हा एक गुण. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या प्रश्नावलीत कल्पनाविलास, सौंदर्यदृष्टी, भावनांची जाण, कृतीतले नावीन्य, विचारांची आवड आणि मूल्ये पारखण्याची तयारी असे त्याचे सहा पैलू मोजले जातात. चारचौघांत मोकळेपणाने बोलता येणे वेगळे. ते बहिर्मुखतेचा, म्हणजे याच पाचांतील दुसऱ्या गुणाचा, भाग. अबोल माणूसही कमालीचा खुला असू शकतो. कविता किंवा गाणे ऐकताना अंगावर काटा येणे ही खुलेपणाची सर्वांत ठळक खूण असल्याचे मॅक्रे यांना अनेक देशांतल्या माहितीत आढळले.

मिनेसोटा विद्यापीठातील कॉलिन डीयंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या गुणाची दोन अंगे वेगळी केली. एक बौद्धिक : अवघड प्रश्नाशी झटण्याची हौस. दुसरे अनुभवाचे : रंग, सूर, कल्पना यांत हरवून जाणे. बौद्धिक अंगाचा संबंध कार्यकारी स्मृतीशी (विचार करताना माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची क्षमता) आणि ती वापरताना कपाळामागच्या मेंदूभागात होणाऱ्या हालचालीशी दिसतो.

मेंदू बाहेरच्या जगातून काय आत घेतो आणि काय वगळतो, यातही फरक पडतो. मेलबर्न विद्यापीठातील २०१७ चा प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. सहभागी व्यक्तीच्या एका डोळ्याला लाल आणि दुसऱ्याला हिरवी आकृती एकाच वेळी दाखवतात. मेंदू सहसा दोन्ही एकदम स्वीकारत नाही. काही क्षण लाल, मग हिरवी, पुन्हा लाल असे आलटून पालटून दिसते. अधूनमधून मात्र दोन्हींची सरमिसळ दिसते. खुलेपणा जास्त असलेल्यांना ही सरमिसळ अधिक वेळ दिसली. म्हणजे फरक मतांपुरता किंवा आवडीनिवडीपुरता नाही, साध्या पाहण्यातही आहे.

निरुपयोगी ठरलेल्या गोष्टीकडे मेंदू पुढे आपोआप दुर्लक्ष करतो, जसे घड्याळाची टिकटिक काही वेळाने ऐकू येईनाशी होते. जॉर्डन पीटरसन आणि शेली कार्सन यांना हार्वर्डच्या विद्यार्थ्यांत असे दिसले की खुल्या व्यक्तींमध्ये ही गाळणी सैल असते. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात सर्जनशील कामगिरी मोठी असलेल्यांतही तेच आढळले. हीच सैल गाळणी मनोविकृतीकडे झुकणाऱ्यांतही दिसते. आत आलेला पसारा पेलण्याइतकी बुद्धी आणि स्मृती असली तर तो कामी येतो, असा त्यांचा तर्क आहे.

डीयंग यांच्या मते खुलेपणामागे डोपामाइन असावे. हे रसायन बक्षिसाची ओढ लावते, तसे नव्या माहितीचेही मोल वाढवते. ही अजून उपपत्तीच आहे. थेट पुरावा तुटपुंजा आहे. त्यामानाने ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’चा धागा अधिक भक्कम वाटतो. मन भरकटते, आठवते, कल्पना करते तेव्हा हे जाळे जागे असते. रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये खुल्या व्यक्तींमध्ये या जाळ्यातील माहितीची देवघेव अधिक कार्यक्षम आढळली.

मेंदूच्या आकारात मात्र हा गुण सापडत नाही. डीयंग यांनी २०१० मध्ये ११६ प्रौढांच्या मेंदूभागांचे आकारमान तपासले. बाकीच्या चार गुणांचे दुवे त्यांना दिसले, खुलेपणाचा अपेक्षित दुवा दिसला नाही. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या मेंदूचित्रणांत पाचही गुणांचे संबंध जवळजवळ नाहीसेच झाले. मेंदूचे चित्र पाहून माणसाचा स्वभाव सांगण्याचे दावे म्हणूनच मुळीच मान्य करू नयेत.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. तरीही हा गुण घट्ट बसलेला नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०११ मध्ये सिलोसायबिन या काही अळंब्यांत आढळणाऱ्या भ्रमकारी द्रव्याच्या नियंत्रित मात्रेनंतर ज्यांना गाढ गूढानुभव आला, त्यांचा खुलेपणा वर्षभरानंतरही वाढलेला होता. पण ते लोक संख्येने थोडे आणि स्वेच्छेने आलेले होते. साठीपुढच्या लोकांवर २०१२ मध्ये झालेला अमेरिकेतील अभ्यास त्याहून साधा. १६ आठवडे तर्कप्रश्न, शब्दकोडी आणि सुडोकू सोडवणाऱ्या ज्येष्ठांचा खुलेपणा वाढला, औषधाशिवाय.