कीड औषध पचवायला कुठं शिकते?

उत्क्रांती म्हटलं की आपल्याकडं विषय फिरून माकडावरच येतो. २०१८ साली केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चुकीचा, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिल्याचं सांगितलं नाही. आता आत्ताच्या माकडापासून माणूस झाला असं शास्त्रज्ञ म्हणतच नाहीत. चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एकच, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, ते त्यांच्या वाटेनं गेले, आपण आपल्या. विषय संपला.

मला जास्त खटकतो तो दुसरा गैरसमज, जो डार्विन मानणारे पण बिनधास्त बोलतात. गरज पडली की जीव स्वतःला बदलून घेतो म्हणे. कोल्हापुरात शेती औषधाच्या कुठल्याही दुकानात जरा वेळ उभं रहा, कोणतरी म्हणणारच, "अण्णा, गेल्या साली ह्याच औषधानं कीड मरत हुती, आता पचवायला लागली बघा, सवय लागली तिला." अण्णा मान डोलावतात आणि डोस वाढवून सांगतात.

पण अळीनं औषध खाल्लं, अर्धमेली झाली, मग घट्ट झाली आणि तो घट्टपणा पोरांना दिला, असं होत नसतं. तालमीतल्या पैलवानांचे चेंबलेले कान बघा की. आजा, बाप, नातू सगळे लाल मातीत घुमलेले असले तरी पोरगं जन्माला येतं ते सरळ कान घेऊनच. (आणि ग्रहणात आईनं सुरी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही, हे पण जाता जाता सांगतो, अजून विचारतात लोक.)

मग पचवणारी कीड येते कुठनं? तर ती आधीपासनंच असते, थोडी असते म्हणून दिसत नाही. ह्याचा १९५२ सालचा एक पुरावा आहे, किडीवरचा नाही, बॅक्टेरियावरचा, पण मला लई आवडतो. अमेरिकेतल्या एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग ह्या नवरा-बायकोनं काचेच्या बशीत बॅक्टेरिया वाढवले, औषधाचा थेंब नाही. गोल ठोकळ्यावर निर्जंतुक केलेली मखमल ताणून बसवली आणि बशीवर हलकी टेकवली. मखमलीचे बारीक तंतू उभे असतात, त्यांना जागोजागचे जंतू चिकटून आले. मग तीच मखमल, दिशा न बदलता, स्ट्रेप्टोमायसिन (बॅक्टेरिया मारणारं औषध) घातलेल्या बशांवर एकामागून एक टेकवली, म्हणजे बशीची झेरॉक्सच की. बाकी सगळे मेले, एखाददुसरा ठिपका वाढला, आणि गंमत म्हणजे वेगवेगळ्या बशांत तो त्याच जागी! सवय लागली असती तर ठिपके कुठंही उगवले असते. पुढं त्यांनी मूळ बशीतल्या त्याच जागेवरचे जंतू उचलले, ज्यांनी औषध बघितलंच नव्हतं, ते वाढवले, पुन्हा मखमल, पुन्हा तीच जागा, दर फेरीला चिवट जंतूंचं प्रमाण वाढत गेलं, आणि शेवटी असे जंतू हाती लागले जे औषधाला दाद देत नव्हते आणि ज्यांच्या अख्ख्या खानदानात औषधाला कोण शिवलेलं नव्हतं. डीएनएची नक्कल होताना कोट्यवधींत एखादी चूक होते, म्युटेशन, ती औषध यायच्या आधीच होऊन बसलेली असते. औषध फक्त बाकीच्यांना बाजूला काढतं. (१९५८ च्या नोबेलमध्ये जोशुआचं नाव आलं, एस्थरचं नाही. असो.)

शेतात पण हेच. फवारणीनं साध्या अळ्या गेल्या, चिवट चार राहिल्या, पुढची पिढी त्यांचीच. म्हणून नुसता ब्रँड बदलून काय होत नाही, डब्यावर बारीक अक्षरात आतला घटक लिहिलेला असतो तो वाचा, नाव नवीन आणि घटक तोच असं बऱ्याचदा निघतं. घटक पण वेगळ्या गटातला पाहिजे, कारण दोन्ही औषधं किडीच्या शरीरात एकाच ठिकाणी मार करत असतील तर पहिल्याला पुरून उरलेली अळी दुसऱ्यालाही बऱ्याचदा पुरून उरते.