पिकअपमधील फेरफार (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची उंची, जोडणी किंवा घडण बदलून नाद सुधारण्याचे काम. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. वर पोलादी तार कंप पावली की या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. वेढे वाढवले तर आवाज जोरकस होतो, पण वरची झळाळी मंदावते.

सर्वांत स्वस्त फेरफार उंचीचा, आणि नवा पिकअप घेण्याआधी तोच करून पाहावा. पिकअप तारांजवळ आणला की आवाज वाढतो. मात्र स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमधले चुंबक फार जवळ आले तर जाड तारा खेचल्या जातात. वरच्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) सूर लहरतो आणि कितीही जुळवले तरी बेसूर वाटतो. अशा वेळी स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, प्रत्येक वेळी वाजवून पाहत पिकअप खाली न्यावा.

गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातल्या दोन कॉइल अशा जोडलेल्या असतात की विजेच्या लाइनची घरघर (भारतात ५० हर्ट्झची) एकमेकींत विरते. एक कॉइल बंद करणे म्हणजे कॉइल स्प्लिट: आवाज मोकळा होतो, पण घरघर परत येते. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर आवाज उजळतो आणि शांतताही टिकते. ही जोडणी जास्त वापरली जायला हवी. दोन्हींसाठी प्रत्येक कॉइलची टोके स्वतंत्र बाहेर काढलेली असावी लागतात.

ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल या गिब्सन गिटारमध्ये नेकजवळच्या (दांडीकडच्या) पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की खालचे स्वर कटून पोकळ, नाकातला आवाज येई. अनेक वादक आजही मुद्दाम चुंबक उलटवून तो मिळवतात.

मोठ्या आवाजात पिकअप शिट्टीसारखा किंचाळत असेल, तर आतले वेढे सैल असल्याची शक्यता मोठी. उपाय मेणाचा: पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळून, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात सुमारे ६५ अंश सेल्सिअसला वितळवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप त्यात बुडवून ठेवतात. थेट आचेवर मेण कधीच ठेवू नये. ते पेट घेऊ शकते, शिवाय उष्णता वाढली की तार गुंडाळलेला प्लास्टिकचा बॉबिन वाकतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनीही आपल्या हंबकरला असेच मेण दिले होते.

पिकअपला हात न लावताही नाद बदलतो. सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्या पिकअपला) सहसा २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा बदलता रोधक, असतो, हंबकरला ५०० चा. हंबकर मंद वाटत असेल तर आधी पॉट मोजावा. जुन्या गिटारमधून काढलेला मूळ पिकअप मात्र जपून ठेवावा, कारण पुन्हा गुंडाळल्यावर त्याचा मूळ नाद परत मिळेलच असे नाही.