‘बोलून टाक’ म्हणजे एक्स्पोजर थेरपी नव्हे

गाडीच्या अपघातातून कुणी वाचलं की खाटेभोवती नातेवाईक जमतात आणि उलटतपासणी सुरू होते. ट्रक कुठल्या बाजूनं आला? ब्रेक कधी दाबलास? पेशंटचा चेहरा पांढराफटक पडला तरी काका म्हणणार, "बोलू दे, मन मोकळं होतं." हल्ली वर शास्त्राचा दाखलाही देतात: एक्स्पोजर थेरपीत, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, तरी दुसरं काय, अपघात पुन्हा पुन्हा सांगायलाच लावतात ना?

लावतात. साम्य तेवढंच.

मन मोकळं करणं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचाच व्यावसायिक अवतार म्हणजे डीब्रीफिंग: अपघातानंतर लगेच, एकच बैठक, त्रास असो नसो, सरसकट सगळ्यांना. ऑक्सफर्डमध्ये रस्ते-अपघातातल्या जखमींवरच हे तपासलं गेलं. काहींना एक-दोन दिवसांत तासाभराचं सत्र दिलं, काहींना नाही. कुणाला द्यायचं ते चिठ्ठीनं ठरलं. तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांना अपघात सारखा डोळ्यांपुढे येत होता, त्यांच्यातले सत्र न मिळालेले सावरले होते आणि सत्र मिळालेले अजून त्रासातच होते. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची आजची सूचना स्पष्ट आहे: डीब्रीफिंग देऊ नका.

मग थेरपीत तेच सांगून बरं कसं वाटतं? कारण तिथं सांगणं हे काम नाहीच. भीती ओसरेपर्यंत त्या आठवणीपाशी थांबणं हे काम आहे. खाटेपाशी गोष्ट धडकेपर्यंत येते, छाती धडधडायला लागते, तेवढ्यात कुणीतरी "जाऊ दे, देवाची कृपा" म्हणून चहा मागवतं. भीती टोकाला नेऊन तिथंच सोडली, की ‘ही आठवण धोक्याची’ एवढंच मनावर ठसतं. थेरपिस्ट थांबवत नाही. डोळे मिटून, वर्तमानकाळात, काचेच्या आवाजासकट सगळं सांगायचं, त्याच सत्रात पुन्हा सांगायचं, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. आठवड्यांमागून आठवडे हे चाललं की आठवण म्हणजे अपघात नव्हे, हे मनाला पटतं. सोबत प्रत्यक्ष सरावही असतो: आधी उभ्या गाडीत नुसतं बसणं, मग सोसायटीतली फेरी, मग तोच हायवे. शेजारच्या सीटवर बसून, ब्रेक असल्यासारखा पाय खाली दाबत राहायची सवयही मोडावी लागते, नाहीतर ‘मी दाबलं म्हणून वाचलो’ असंच वाटत राहतं. दुसऱ्याच दिवशी जबरदस्तीनं स्टिअरिंग हातात देणारे शूर मामा याला थेरपी समजतात. ती नव्हे, थेरपीत पुढची पायरी कधी, ते पेशंटला विचारून ठरतं.

सायकॉलॉजिस्ट की सायकियाट्रिस्ट, यावर फार डोकं खाजवू नका. औषध लागलं तर सायकियाट्रिस्टकडे जायचं. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, हॉर्नला दचकणं बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातंही. महिना उलटूनही स्वप्नं थांबत नसतील, रस्ता टाळण्यासाठी नोकरीवर जाणंच बंद झालं असेल, तर मात्र जा, आणि ‘ट्रॉमा-फोकस्ड’, म्हणजे त्या आघाताच्या आठवणीवरच काम करणारे, उपचार करता का, हे फोनवरच विचारा. पेशंट स्वतःहून बोलला तर ऐकाच. ट्रकची बाजू विचारायला पोलीस आहेत.